चौदा पॅकेजांची गाडी

कडूबा : …तर हे कुनाला सांगून खरं वाटायचं नाय, पोरी. म्हनूनशान म्या आजवर दोनचारशे मानसांनाच सांगितलंय. अमेरिकेच्या कंपनीनं अशी गाडी एकच काढली. चौदा पॅकेजं, समदी कारखान्यातच बसवलेली. दुसरी काढाया गेले तर कारागीर हात जोडून म्हनले, मालक, आता आमच्यानं व्हायचं नाय.

मृण्मयी : मामा, मघाशी बारा म्हणालात.

कडूबा : मघाशी तू नुस्ती पुढची बाजू बघितली व्हती.

मृण्मयी : मी परत एकदा सांगते, म्हणजे घोळ नको. मी जुन्या गाड्यांच्या क्लबकडून आलेय. तुमची ही पिकअप चौसष्ट सालची. एवढी जुनी गाडी कंपनीनं दिली तशीच असेल, तर तिला विंटेजचा नंबर मिळतो आणि आमच्या शेडमध्ये कायमची जागा. मूळ रूपात फेरफार केलेला असेल, तर काहीच मिळत नाही. माझा अहवाल आज संध्याकाळपर्यंत गेला नाही, तर…

द्वारकाबाई : तर उद्या भंगारवाला. सांडू सांगून गेलाय. ह्यांचा पुतन्या. जागा बिल्डरला दिली, इथं सात मजले व्हायचेत. सकाळी आठला जेसीबी येतोय ही शेड पाडाया.

कडूबा : सांडूला काय कळतं गाडीतलं. त्याची सोताची बघ, आतून पांढरी, बाहीरनं पांढरी. साबनाच्या वडीत बसून हिंडतो.

द्वारकाबाई : पर ती हिंडती.

मृण्मयी : मावशी, तुम्ही बसा ना.

द्वारकाबाई : बसून कसं चालंल. टँकर यायचाय, हंडे लाइनीत हायेत. चालू द्या तुमचं. म्या इथनं ऐकते.

मृण्मयी : तर मामा, एकेक वस्तू घेऊ. खरं तेवढंच सांगा. ही सीट. हिच्यावरचं कापड कंपनीचं नाही. हा हिमरू आहे.

कडूबा : आत्ता आलीस मुद्द्यावर. हे हिमरू पॅकेज. त्याचं असं झालं, त्या कंपनीचे दोन साहेब इथं आलते, गुपचूप. नवाबपुऱ्यात एका विणकराकडं ऱ्हायले. सहा महिने मागावर बसले. पर त्यांना मटनाच्या नानखलियाची अशी चटक लागली, अशी लागली, की जाताना विमानात दोघांना चार खुर्च्या लागल्या. तिकडं जाऊन त्यांनी हिमरूची सीट काढली. पर तिकडचं गिऱ्हाईक सीटवर टेकंना. म्हनलं, एवढ्या नक्षीवर बूड ठेवायचं म्हंजे गुन्हा हाय. गाडी पडून ऱ्हायली, अन् बोटीनं आमच्याकडं आली.

मृण्मयी : कडेला लाल दोऱ्यानं हातानं टाके घातलेत.

कडूबा : त्यातल्या धाकट्या साहेबाचा हात त्यो. शिकाऊ व्हता.

द्वारकाबाई : साहेबाचा हात. व्हय.

मृण्मयी : बाजूची ही लांब चकचकीत पट्टी?

कडूबा : क्रोम पॅकेज. ह्या पट्टीनं पाऊस पाडलाय.

मृण्मयी : मामा.

कडूबा : ऐकून तर घे. बहात्तर साल. आभाळात ढग म्हनून नाय, अन् एखादा आलाच, तर गिऱ्हाईक नसलेल्या दुकानदारावानी नुस्ता बसून जायाचा. म्या हर्सूलच्या जेलकडनं येत व्हतो, दुपारची येळ. वर एकच ढग, रुमालाएवढा. त्याला खाली पट्टीत सोताचं तोंड दिसलं. आता त्यानं जल्मात आरसा बघितलेला नाय. वाकला. म्या गाडी हळू केली. त्यो आनखी वाकला. म्या थांबलो. एवढा वाकला, एवढा वाकला, की पोटातलं समदं सांडलं.

मृण्मयी : म्हणजे पाऊस पडला.

कडूबा : जेलच्या भिंतीपासनं तळ्याच्या सांडव्यापर्यंत, एक पट्टा, गाडीएवढा रुंद. कैद्यांनी रांग लावून अंगुळी केल्या. जेलर बाहीर आला, मला सलाम ठोकला, अन् म्हनला, कडूबा, आमचा साबन संपला, आता गाडी फुडं घे.

मृण्मयी : हसवू नका हो, फॉर्मवर रेघ हलली माझी. मामा, हे क्रोम नाहीच आहे. नखानं खरवडलं तर खाली पितळ लागतंय. वर कल्हई आहे.

कडूबा : मग अमेरिकेत कल्हईवाले नसत्यात व्हय?

द्वारकाबाई : असतील की. गल्लीनं वरडत जात असतील.

मृण्मयी : आणि हा रेडिओ?

कडूबा : रेडिओ पॅकेज. एकदा तर लावला अन् त्यात गव्हर्नरचं घरचं बोलनं ऐकू आलं. भाजीत मीठ कमी हाय म्हनत व्हता.

मृण्मयी : पुढे जाळी आहे, मागे काहीच नाही. रिकामं खोकं आहे.

कडूबा : म्हनूनच तर आवाज मोकळा यायचा.

द्वारकाबाई : त्यात माझी मिसरीची डबी ऱ्हायाची.

मृण्मयी : या खिडकीला वाळ्याचा पडदा आहे, तो एसी ना?

कडूबा : कसं वळखलं?

मृण्मयी : आता सवय झाली. आणि बॉनेटवरचा हा भोंगा?

कडूबा : ह्या भोंग्याचं तर सरकारदरबारी काम पडायचं. म्या दौलताबादच्या पायथ्याला एकदा दाबला. आवाज किल्ल्यावर गेला, खंदकात उतरला, अंधारीच्या भुयारात वाट चुकला, अन् तिसऱ्या दिशी बाहीर आला. तवर म्या घरी जेवत व्हतो. गावातल्या बाया हंडे घेऊन पळत आल्या, गाडी आली म्हनून. गाडी दारात उभी. म्या म्हनलं, बायांनो, हा परवाचा हाय.

मृण्मयी : मामा, तुम्ही वाळूजला मी नोकरी करते त्या कंपनीत असता ना, तर विक्री विभाग एकट्यानं चालवला असता.

कडूबा : वाळूजची कंपनी म्हंजे… तुमच्या समद्या कारखान्यांच्या पायाला पानी कोनी नेलं? ह्या गाडीनं. तवा तिथं निस्तं माळरान. आता कारखाने झाले, अन् पानी नाय.

मृण्मयी : बरं, आता माझं ऐका. दाराच्या आतल्या बाजूला कंपनीची पाटी आहे. रंगाखाली गाडली गेली होती, मी मघाशी घासून काढली. तिच्यावर गाडी कारखान्यातून कशी निघाली ते सगळं कोरलेलं असतं.

कडूबा : ती वाचू नको.

मृण्मयी : का?

कडूबा : इंग्रजी हाय.

मृण्मयी : मला येतं थोडं.

कडूबा : तवाचं इंग्रजी येगळं व्हतं. त्यात नाय म्हंजे हाय असायचं.

द्वारकाबाई : वाच गं तू.

मृण्मयी : कंपनी ही गाडी चार दर्जांत विकायची. सगळ्यात वरची दोन रंगांची, मऊ सीटची, भरपूर चकाकीची. जितक्या वस्तू जास्त हव्या, तितकी पॅकेजं वरून घ्यायची. मामा, तुमची गाडी सगळ्यात खालच्या दर्जाची आहे. रंग एकच. सीट साधी रेक्झिनची, बोल्टनं एका जागी बसवलेली, पुढं-मागं होत नाही. रेडिओ नाही. हीटर नाही. पट्टी नाही. मागचा बंपरसुद्धा नाही. जादा म्हणून एकच गोष्ट घेतली होती, उजव्या बाजूचा आरसा.

द्वारकाबाई : चौदातला एक खरा निघाला म्हनायचा.

मृण्मयी : मामा?

द्वारकाबाई : आता सांगा की एखादी.

कडूबा : गाडीसमोर गाडीची बेअब्रू झाली, ती ऐकून घेतोय. कुनी सांगितलं हिला घासाया?

मृण्मयी : अहो, यात बेअब्रू कसली? वरच्या दर्जाच्या गाड्या लोकांनी जपल्या, म्हणून देशात अजून आठ-दहा सापडतात. ही साधी गाडी शेतावर, खाणीवर, मिशनवाल्यांकडे मरेपर्यंत राबायची. म्हणून तिच्यातली एकही उरली नाही. मी पाहिलेली ही पहिली. क्लबमधले लोक वेडे होतील हिला बघून.

कडूबा : साधी म्हनून?

मृण्मयी : साधी म्हणून. पण एक अडचण आहे. तुम्ही या वस्तू कारखान्यातून आल्या म्हणालात, की ते पाटीशी जुळत नाही, आणि मला 'फेरफार' लिहावं लागतं. भोकं पाडून, वेल्डिंग करून बसवल्या असतील तरी तेच. पण नंतर कुणी नुसत्या वरून लावल्या असतील, तर काढता येतात. मग गाडी मूळ रूपातलीच. तेव्हा कुणी लावल्या आणि कशानं लावल्या, ते सांगा.

कडूबा : चौदाच्या चौदा?

मृण्मयी : तेरा. आरसा खरा आहे.

कडूबा : बरं, दोन सोडतो. रेडिओ अन् वाळा. बाकीच्या अकरा कारखान्याच्या.

मृण्मयी : तेरा, मामा.

कडूबा : पाच. माझ्याकडनं पाच. ढग तेवढा ऱ्हाऊ दे.

मृण्मयी : शहागंजात भाजी घेताय का?

द्वारकाबाई : अवं, सांगा की आता. उद्या जेसीबी आला म्हंजे त्याला सांगनार हाय का पॅकेजं?

कडूबा : तूच सांग. माझ्या तोंडाला सवय नाय.

द्वारकाबाई : पट्टी डांबरानं चिकटवली. भोक एक नाय पाडलं. बहात्तरला रस्त्याची दुष्काळी कामं चालू व्हती, डांबर फुकट. घासलेटानं पुसलं की निघंल.

मृण्मयी : आणि पितळ कुठून आलं?

द्वारकाबाई : हंडा व्हता. गाडी मिशनची, मागं पान्याचा पिंप. खडी फोडाया बसलेल्या मानसांना पानी न्यायचं. एका गावाला अकरा दिवस टिपूस नव्हता. बाराव्या दिशी गाडी गेली. तिथली एक म्हातारी, लक्ष्मीबाई, म्हनली, माझ्याकडं द्यायला दुसरं काय नाय, हा हंडा घ्या, तसाबी रिकामाच हाय. तिच्या ल्योकानं तिथंच ठोकून पट्टी केली. म्हनला, लांबून चमकली की कळंल, पानी आलं.

मृण्मयी : आणि भोंगा?

द्वारकाबाई : बँडवाल्यांचा. त्या साली लग्नंच नव्हती, वाजवतो कुठं. तारंनं बांधलाय.

मृण्मयी : हिमरू?

द्वारकाबाई : शाल व्हती. विणकराची बायको त्याच कामावर खडी फोडत व्हती. तिनं अंगावर घातली. उन्हात रेक्झिन असं तापायचं, बसवायचं नाय. म्हनून तिचीच सीटला गवसनी केली. खाली जुनं रेक्झिन तसंच हाय.

मृण्मयी : मावशी, हे फार चांगलं झालं. सगळं वरवरचं. सगळं निघतं. आणि टपाच्या आत हे काय लटकतंय?

द्वारकाबाई : हिरव्या बांगड्या. अन् झालर लावलीय त्यो चोळीचा खन. वटीत घातलेला.

मृण्मयी : ओटीत? ड्रायव्हरच्या ओटीत?

कडूबा : माझ्या घरच्यांसाठी दिला. लोकांना कळतं, मानसाच्या मागं बायको असती.

मृण्मयी : हं. ठीक. आता शेवटचा कागद, चालकाचं निवेदन. ज्यानं ही गाडी चालवली, त्यानं स्वतः सही करून द्यायचं, की इंजिन आणि गिअर बदललेले नाहीत. हे एवढंच माझ्या हातात नाही, मामा. निवेदन खोटं निघालं तर अर्ज कायमचा बाद होतो.

कडूबा : लिही. कडूबा, मुक्काम चिकलठाणा. मिशनचा ड्रायव्हर. मिशन गेलं, गाडी इनाम देऊन गेलं. चालवली म्या एकट्यानं.

मृण्मयी : गिअर कसे पडतात हिचे?

कडूबा : पैला टाकला की गाडी हलती. दुसरा टाकला की बैलं बाजूला व्हत्यात. तिसऱ्याला कुत्री मागं ऱ्हात्यात. चौथा म्या एकदाच टाकला. जालन्यात गेल्यावर ध्यानात आलं, सावली चिकलठाण्यातच ऱ्हायली. परत येऊन घेऊन गेलो.

मृण्मयी : आणि चढावर दुसऱ्यातून पहिल्यात येताना?

कडूबा : येताना… यायचं. देवाचं नाव घ्यायचं अन् यायचं.

द्वारकाबाई : डबल क्लच. दाबायचा, सोडायचा, जरा रेस द्यायची, परत दाबायचा. नायतर खरकन वरडतो.

कडूबा : बघ. माझं बघून बघून पाठ झालं तिला.

मृण्मयी : मी एकदा आत बसून बघते. पेडल मूळचे आहेत का तेवढं राहिलंय.

(ती दार उघडून स्टिअरिंगमागे बसते.)

मृण्मयी : मामा, या पेडलांना काय बांधलंय? तिन्ही पेडलांवर लाकडाचे ठोकळे आहेत. चामड्याच्या वादीनं आवळलेत.

कडूबा : ते… पेडल पॅकेज. पंधरावं.

मृण्मयी : बाभळीच्या लाकडाचं?

कडूबा : अमेरिकेत लई बाभळी.

मृण्मयी : चांगले चार बोटं जाड आहेत. वरची बाजू झिजून गुळगुळीत झालीय. माझे गुडघे स्टिअरिंगला अडकतायत, मामा, मला पाय हलवता येत नाही. सीट मागे घ्यावी म्हटलं, तर ती बोल्टनं बसवलेली. तुम्ही माझ्याहून हातभर उंच आहात.

कडूबा : आता हाय. तवा नव्हतो.

मृण्मयी : तेव्हा किती होतात?

कडूबा : बहात्तरच्या दुष्काळात मानूस आखडायचा. पान्याबिगर कातडं आखडतं, तसा. म्या ढोपराएवढा झालतो. पुढं त्र्याहत्तरला पाऊस झाला, तवा एका रातीत परत वाढलो. धोतर पुरंना.

मृण्मयी : तुम्ही आत बसून दाखवा बरं.

कडूबा : गुडघा दुखतो.

मृण्मयी : कुठला?

कडूबा : तू म्हनशील त्यो.

मृण्मयी : मावशी, तुम्ही इकडे या जरा. पायरीवर पाय ठेवा. चढा.

द्वारकाबाई : टँकर यायचाय मला.

मृण्मयी : टँकरचा आवाज येईल. या. सरकते मी. हं. आता पाय पुढे करा.

कडूबा : पोरी, काय बी लिही, पर हे नको.

मृण्मयी : बरोब्बर बसले, ठोकळ्यांशिवाय पोचलेच नसते. अंगठ्यापाशी झीज आहे, आणि तुमचा अंगठाच तिथे आला. मामा, ही गाडी तुम्ही चालवलीच नाहीत. मावशींनी चालवली. ती शाल त्यांच्या अंगावर घातली, त्या बांगड्या त्यांच्या, आणि ओटी ड्रायव्हरचीच भरली होती.

द्वारकाबाई : एक दिवस चालवली व्हती ह्यांनी. नव्या पाझर तलावात घातली. तलावात पानी नव्हतं म्हनून आज बोलत्यात.

मृण्मयी : मग मिशनच्या कागदावर नाव यांचं कसं?

द्वारकाबाई : मिशनच्या बाईनं मला शिकवलं, आठ दिसात. पर वरचे साहेब म्हनले, एकोनीस वर्साची पोर, कागदावर नको. मग ह्यांचं नाव लावलं, ह्यांचा फेटा म्या माझ्या डोक्याला बांधला. हे बाजूला बसायचे अन् भोंगा दाबायचे.

मृण्मयी : गावाला कळलं नाही?

द्वारकाबाई : पैल्याच दिशी कळलं. पानी यायचं म्हनून गाव गप बसलं.

मृण्मयी : आणि मामा, तुम्ही?

कडूबा : म्या नाव दोन सालापुरतंच घेतलं व्हतं. मग लोकं विचारायची, कडूबा, कशी चालवली रं? एकदा सांगितलं. दुसऱ्याला जरा वाढवून सांगितलं. गोष्ट अशी पळाया लागली, की तिच्यातनं उतरायचं कुठं तेच कळंना.

मृण्मयी : निवेदनावर सही लागेल. आत्ता.

कडूबा : पेन तिला दे, पोरी. म्या शेजारी बसतो.